ग्रीझवीझल व्ही४ : घरच्या घरी खरी फ्लॉपी बनवायची असेल तर

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. घरात जुना पीसी-एक्सटी, २८६, अमिगा, कमोडोर असलं काही जिवंत ठेवलं असेल आणि त्याला खरीखुरी फ्लॉपी द्यायची असेल, म्हणजे हातात धरता येणारी, आत सरकवली की करकर वाजणारी, तर ग्रीझवीझल घ्या, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जुना फ्लॉपी ड्राइव्ह जोडून देणारा छोटा बोर्ड, दुसरं काही शोधत बसू नका. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, हे यंत्र एकटं काहीच करत नाही. त्याला चांगला ड्राइव्ह लागतो आणि चांगली कोरी फ्लॉपी लागते, आणि पैसा, वेळ, खटपट सगळी तिथंच जाते. बोर्ड हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बिनत्रासाचा भाग आहे. म्हणून हा रिव्ह्यू बोर्डाचा कमी आणि त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींचाच जास्त होणार आहे, कारण घेणाऱ्याला तेच कोणी सांगत नाही.

वस्तू काय आहे ते पटकन. तळहातात मावेल एवढा बोर्ड, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांचा कनेक्टर, त्यात जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची चपटी केबल बसते. बनवलंय कीर फ्रेझर यांनी, गोटेकवाले (गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्ह घेणारा नकली ड्राइव्ह) ज्याच्यावर जगतात ते फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर पण त्यांचंच. सॉफ्टवेअर फुकट, सोर्स खुला. मी परदेशातून मागवला, कुरिअर आणि कस्टम धरून चार हजारांच्या आसपास पडला. स्वस्तात करायचं असेल तर याची पहिली आवृत्ती ब्लू पिल नावाच्या साध्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालायची, ती अजून चालते, आणि ब्लू पिल आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतो. फक्त बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच ब्लू पिलवर यूएसबीचा रेझिस्टर चुकीच्या किमतीचा असतो, मग कॉम्प्युटर तो बोर्ड ओळखतच नाही. सोल्डरिंगचा हात असेल तर जा त्या वाटेने, नाहीतर तयार व्ही४ घ्या.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की अरे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो की, मग हे कशाला. यूएसबी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची घेतो, त्यातही साधारण १.४४ एमबी आणि ७२०के एवढंच त्याला कळतं, सव्वापाच इंचीचा तर विषयच नाही. आणि तो कॉम्प्युटरला फक्त सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरच्या गोल ट्रॅकचे ठरावीक तुकडे, देतो, अमक्या नंबरच्या सेक्टरमधे हे लिही, तमक्यातलं वाच, बस. अमिगाची ८८०केची फ्लॉपी एका ट्रॅकवर ११ सेक्टर सलग ठेवते, मॅकची ८००केवाली मूळ ड्राइव्हमधे ट्रॅकप्रमाणे फिरायचा वेग बदलते, कमोडोर ६४ ची लिहायची पद्धत तिसरीच. पीसीच्या कंट्रोलरला हे मुळातच जमत नाही. आणि आता नवीन मदरबोर्डवर फ्लॉपीचा कंट्रोलरच नसतो तो भाग वेगळा.

ग्रीझवीझल सेक्टरच्या भानगडीत पडत नाही. फ्लॉपीवर शून्य आणि एक असं काही लिहिलेलं नसतं, गोल फिरणाऱ्या पट्ट्यावर चुंबकाची दिशा कुठे उलटते एवढंच असतं, आणि दोन उलटींच्या मधे किती वेळ गेला त्यावरून डेटा निघतो. हा बोर्ड फक्त तो वेळ मोजतो, आणि लिहिताना तेवढ्याच वेळाने दिशा उलटवतो. त्यामुळे समोर आयबीएमची आहे का अमिगाची का मॅकची याने हार्डवेअरला काही फरक पडत नाही, सगळं शहाणपण कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधे आहे आणि तो दर काही महिन्यांनी नवीन फॉरमॅट शिकतो. मला यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे बीबीसी मायक्रो हा जुना ब्रिटिश कॉम्प्युटर. आपल्याकडे १९८४ मधे शाळांसाठी क्लास नावाचा सरकारी प्रकल्प निघाला होता, त्यात बीबीसी मायक्रो शाळांत आले, पुढे एससीएल युनिकॉर्न नावाने इथेच बनले. त्याच्या फ्लॉपीवर सिंगल डेन्सिटी, म्हणजे विरळ लिहायची जुनी पद्धत असते, ४० ट्रॅक, ट्रॅकला २५६ बाइटचे १० सेक्टर, म्हणजे एका बाजूला फक्त १००के. पीसीचे बरेच कंट्रोलर सिंगल डेन्सिटी लिहू शकत नाहीत. ग्रीझवीझलला फॉरमॅटचं नाव सांगितलं की झालं. कोणाच्या शाळेच्या स्टोअररूममधे युनिकॉर्न धूळ खात पडला असेल तर त्याला सुरू करायला लागणारी डिस्क तुम्ही आज घरी बनवू शकता, ही साधी गोष्ट नाही.

जोडणी. साडेतीन इंची ड्राइव्ह सोपा आहे, तो ५ व्होल्टवर चालतो आणि ते व्होल्ट बोर्डच यूएसबीमधून देतो, एक केबल, एक छोटी पॉवरची वायर, झालं. सव्वापाच इंचीला १२ व्होल्ट पण लागतात आणि ते यूएसबीतून येत नाहीत, त्याची सोय वेगळी करावी लागते. जुन्या पीसीचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, असेल तर उत्तम. नसेल तर हार्डडिस्क यूएसबीला जोडायचं ते आयडीई-साटा किट मिळतं ना, त्याच्यासोबत येणारा अडॅप्टर १२ आणि ५ दोन्ही देतो आणि त्याला मोठा चार पिनांचा कनेक्टर असतो, तो सव्वापाच इंचीत सरळ बसतो. लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत विचारलंत तर मिळेल. बाहेरून पॉवर देताय तर बोर्डाची पॉवर वायर ड्राइव्हला लावू नका, आणि साडेतीन इंचीचा छोटा कनेक्टर एक पिन सरकवून किंवा उलटा घुसवू नका, १२ व्होल्ट ५ च्या जागी गेले की ड्राइव्ह गेला. केबलच्या एका टोकाला पीळ असतो, पिळानंतरचा ड्राइव्ह तो ए, पिळाच्या आधीचा तो बी, प्रोग्रॅमला हे सांगावं लागतं. ड्राइव्ह मुका बसला असेल तर आधी हेच बघा.

प्रोग्रॅम कमांड लाइनवर चालतो, नाव जीडब्ल्यू. विंडोज १० वर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. माऊसने काम करायचं असेल तर फ्लक्समायफ्लफीफ्लॉपी नावाचं विंडोजचं टूल आहे, तेच आतून जीडब्ल्यू चालवतं. पण मी म्हणेन कमांड शिकाच, चार-पाचच आहेत. सगळ्यात आधी आरपीएमची कमांड द्या, ड्राइव्ह मिनिटाला किती फेरे मारतोय ते दिसतं, साधारण ड्राइव्ह ३०० आणि १.२ एमबीचा सव्वापाच इंची ३६०. आकडा हलत असेल तर बेल्ट किंवा ग्रीस बघा, पुढे जाऊच नका. मग रीड, राइट, इरेज. राइट करताना नेहमीची इमेज (अख्ख्या फ्लॉपीतला डेटा एका फाईलमधे) असेल, म्हणजे आयएमजी, एडीएफ वगैरे, तर तो प्रत्येक ट्रॅक लिहून लगेच परत वाचून तपासतो, जुळलं नाही तर परत लिहितो, तरी नाही जमलं तर थांबतो आणि कुठला ट्रॅक ते सांगतो. हे फार मोलाचं आहे. डॉसच्या काळात फॉरमॅट मारून, कॉपी करून, मग तिकडे गेल्यावर नॉट रेडी एरर यायची, इथे डिस्क हातात येते तेव्हाच ती चांगली आहे हे माहीत असतं. कच्ची फ्लक्स फाईल, म्हणजे त्या चुंबकाच्या उलटींच्या वेळांची नोंद, लिहिली तर मात्र तपासणी होत नाही, तसं तो शेवटी सांगतो, त्याकडे लक्ष द्या.

आता खरा विषय, ३६०के. आपल्याकडे बहुतेकांच्या आठवणीतली फ्लॉपी ही सव्वापाच इंची ३६०के, ४० ट्रॅक, दोन बाजू, ९ सेक्टर. एक्सटीवर हीच चालायची. पण आज जुन्या बाजारात जो सव्वापाच इंची ड्राइव्ह मिळतो तो बहुतेक वेळा १.२ एमबीचा असतो, ८० ट्रॅकचा. त्याचं डोकं, म्हणजे वाचणारं-लिहिणारं हेड, अर्ध्या रुंदीचं. त्याने ३६०के वाचता मस्त येतं, एक सोडून एक पाऊल टाकायला सांगायचं, वाचतो. लिहिताना गोची होते. रुंद रस्त्याच्या मधोमध हा बारीक पट्टा लिहितो, आणि त्या फ्लॉपीवर आधी ४० ट्रॅकच्या ड्राइव्हने काही लिहिलं असेल तर दोन्ही कडांना जुना डेटा तसाच राहतो. ही फ्लॉपी तुमच्या १.२च्या ड्राइव्हमधे उत्तम वाचली जाते, तपासणी पण पास होते, आणि एक्सटीत घातली की एक्सटीचं रुंद डोकं नवं-जुनं दोन्ही एकदम वाचतं आणि एरर देतं. इरेज कमांडने पण कडा पुसल्या जात नाहीत, कारण पुसणारं डोकं तेच बारीक आहे. यावर दोनच उपाय. एक, कधीच न वापरलेली कोरी फ्लॉपी, किंवा मोठ्या चुंबकाच्या बल्क इरेजरने पूर्ण पुसलेली. दुसरा आणि खरा उपाय, ३६०केचा अस्सल ४० ट्रॅकचा ड्राइव्ह मिळवा. टिॲकच्या एफडी-५५ मालिकेत बी अक्षराचा ३६०केचा आणि जी अक्षराचा १.२चा, मागच्या लेबलवर बघून घ्या. माझं मत स्पष्ट आहे, वाचायला जी, लिहायला बी. दोन्ही मिळाले तर दोन्ही ठेवा.

आणि कोरी फ्लॉपी कुठली हे त्याहून महत्त्वाचं. सव्वापाच इंचीत डीडी (डबल डेन्सिटी) आणि एचडी (हाय डेन्सिटी) या दोन वेगळ्या जातीच आहेत, लेपाची चुंबकीय ताकदच वेगळी, डीडी ३०० ऑर्स्टेडच्या आसपास, एचडी ६००च्या आसपास. एचडी फ्लॉपीवर ३६०के लिहिलंत तर ड्राइव्ह डीडीच्या हलक्या जोराने लिहितो, डेटा नीट बसत नाही, आज वाचलं जाईल आणि महिन्याने नाही. करूच नका. साडेतीन इंचीत फरक थोडा आहे म्हणून तिथं लोक एचडी फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या भोकावर टेप लावून ७२०के किंवा अमिगासाठी वापरतात, आधी पूर्ण पुसून घेतली तर चालते, अडीअडचणीला ठीक, पण जपून ठेवायची डिस्क असेल तर खरी डीडीच शोधा. ओळखायची खूण सोपी आहे, सव्वापाचच्या डीडीला मधल्या भोकाभोवती बहुतेक वेळा जाड कडं असतं, एचडीला बहुतेक नसतं. साडेतीनच्या डीडीला दुसरं भोक नसतं.

नवीन कोणी बनवत नाही हे माहीत असेलच, सोनीने जपानमधली विक्री मार्च २०११ मधे बंद केली आणि तिथून सगळा खेळ जुन्या स्टॉकवर आहे. आपल्याकडे अॅमकेटची फ्लॉपी घरोघरी होती, बंद डब्यातली मिळाली तर घ्या. पुण्यात जुन्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांत, जुन्या अकाउंटंट लोकांच्या ऑफिसात, बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर. एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे पण विचारा, त्यांच्या मशीन वर्षानुवर्षं साडेतीन इंचीवर डिझाइन घ्यायच्या आणि आता गोटेक लावल्यामुळे डबेच्या डबे पडून असतात.

पण आपल्या हवेत फ्लॉपीचा वैरी म्हणजे बुरशी. कोकणात, मुंबईत तर विचारूच नका, चार पावसाळे कपाटात काढले की पट्ट्यावर पांढरे ठिपके येतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमधे घातली तर डोकं बुरशी खरवडतं, त्याच्यासोबत लेप निघतो, आणि तो कचरा डोक्याला चिकटून पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर पण गोल चरा पाडतो. म्हणून नियम, घालायच्या आधी फ्लॉपी उजेडात धरून, मधलं भोक हाताने फिरवून खिडकीतून पूर्ण पट्टा बघायचा. ठिपके दिसले तर थांबा. सव्वापाच इंचीची साफसफाई घरी होते. तोंडावर मास्क लावा, वरची कड ब्लेडने हळूच कापायची, आतली चकती मधल्या भोकाला धरून बाहेर काढायची, डिस्टिल्ड वॉटरमधे लिक्विड सोपचा एखादा थेंब टाकून बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने धुवायची, परत साध्या डिस्टिल्ड वॉटरमधे बुडवायची, धागे न सुटणाऱ्या कापडावर वाळवायची. जुन्या कव्हरच्या अस्तरात बुरशी असतेच, ते टाकून द्या. एखाद्या निकामी पण स्वच्छ फ्लॉपीचं कव्हर कड कापून रिकामं करायचं आणि त्यात ही चकती सरकवायची. वाचन होईपर्यंत कड चिकटवायची पण गरज नाही. दोन वाया गेलेल्या फ्लॉपींमधून एक चालणारी अशीच बनते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या छंदातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच आहे. नंतर ड्राइव्हचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वरच्या डोक्याची स्प्रिंग नाजूक असते, ते उचलून वाकवू नका. क्लीनिंग डिस्क असेल तर जीडब्ल्यूमधे क्लीन कमांड आहे, डोकं पुढे-मागे फिरवत राहते.

आता हे कशाला एवढं करायचं, तर एक खरं काम सांगतो. ओळखीतले एक प्रेसवाले काका आहेत, नव्वदच्या दशकात दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांची स्मरणिका सगळं स्वतः डीटीपी करायचे. त्यांचं मराठी सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला लावायच्या लॉकवर चालतं, तो लॉक जुन्या मशीनलाच लागतो, म्हणून ते मशीन त्यांनी अजून चालू ठेवलंय. फायली सगळ्या फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी एकेक करत दगा द्यायला लागल्या. त्यांनी पिशवीच आणून दिली, "बघ रे बाबा, ह्यातलं काय निघतंय का, नाहीतर मी आता टाकूनच देणार होतो." टाकून देणार होतो हे वाक्य मला सहन होत नाही.

प्रत्येक फ्लॉपी आधी फ्लक्स फाईल म्हणून काढली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची फ्लक्स फाईल सहज पन्नास एमबीच्या पुढे जाते, पण आज त्या जागेला काही किंमत नाही, आणि त्यात सगळं असतं, जे आत्ता उलगडत नाही ते उद्याच्या चांगल्या प्रोग्रॅमने उलगडू शकतं. खराब सेक्टर होते तिथं फेऱ्यांची संख्या वाढवून परत परत वाचायला लावलं, काही सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर निघाले, डोक्याचा कोन ड्राइव्हगणिक थोडा वेगळा असतो त्यामुळे एका ड्राइव्हने हात टेकले की दुसरा वाचतो. यूएसबी ड्राइव्ह अशा वेळी घरघर करून सोडून देतो. सगळं नाही पण बहुतेक निघालं. आणि मग उलटं काम, त्या इमेज नव्या धुतलेल्या-पुसलेल्या फ्लॉपींवर लिहिल्या, काकांच्या मशीनवर नेऊन घातल्या आणि जुना दिवाळी अंक पानापानाने उघडला. या फायली नुसत्या लॅपटॉपवर काढून उपयोग नव्हता बरं का, मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला, आजच्या मशीनवर नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसतात. पानाची मांडणी, जोडाक्षरं, किनार सगळं जसंच्या तसं फक्त त्याच सॉफ्टवेअरमधे दिसतं आणि ते सॉफ्टवेअर फ्लॉपीच ओळखतं. काका बराच वेळ एकेक पान बघत बसले, "हे मुखपृष्ठ मी रात्री जागून केलं होतं" म्हणाले. तिथून छापून घेतलं, स्कॅन केलं, आता ते कुठे जात नाही.

याच पिशवीत एक सव्वापाच इंची निघाली जिच्यात जोशी व्हायरस होता. नव्वद सालच्या आसपास ज्यांनी पीसी वापरले त्यांना आठवेल, ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि हॅपी बर्थडे जोशी असं टाइप करा म्हणायचं, टाइप केलं की पुढे जायचं. १९९० मधे भारतातच तो पहिल्यांदा सापडला. बूट सेक्टरमधे, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचलं जातं तिथं, बसतो, आणि आपला बाकीचा भाग ठेवायला फ्लॉपीच्या नेहमीच्या ट्रॅकच्या पलीकडे एक जास्तीचा ट्रॅक स्वतः फॉरमॅट करून घेतो. साध्या कॉपीत ४० ट्रॅकच येतात, तो जास्तीचा येतच नाही. ग्रीझवीझलला वाचायची हद्द एक-दोन ट्रॅक वाढवून दिली की तो पण फाईलमधे येतो. मला हे ऐतिहासिक पुराव्यासारखं वाटतं, आपल्याकडच्या कॉम्प्युटरच्या इतिहासाचा तुकडा आहे तो, आणि नेहमीच्या पद्धतीने कॉपी केला असता तर अर्धाच हाती लागला असता. हां, जुन्या फ्लॉपीवरून काढलेली इमेज जशीच्या तशी नव्या फ्लॉपीवर लिहून दुसऱ्याच्या मशीनला देऊ नका, आधी तपासा, हे व्हायरस खऱ्या एक्सटीवर आजही तेवढेच जिवंत आहेत.

जमत नाही ते पण सांगायला हवं. काही जुन्या कंपन्या कॉपी होऊ नये म्हणून फ्लॉपीच्या पट्ट्यावर प्रत्यक्ष इजा करून ठेवायच्या, डीबेस थ्री या डेटाबेस प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या फ्लॉपीवर प्रोलॉक नावाची अशी खूण असायची. तिथं लेपच नाही, लिहिलं तरी राहत नाही, आणि प्रोग्रॅम तेच तपासतो. अशी डिस्क ग्रीझवीझल वाचून घेईल पण तशीच नवीन बनवू शकणार नाही, कुठलंच चुंबकीय यंत्र बनवू शकणार नाही. बाकी कमतरता किरकोळ आहेत. डब्बी सोबत येत नाही, बोर्ड उघडाच असतो, टेबलावर धातूचं काही पडलं की शॉर्ट होईल, म्हणून प्लास्टिकची डबी करून घ्या. आणि माहिती सगळी विकीवर इंग्रजीत, ती पण जाणकारासाठी लिहिल्यासारखी, पहिल्यांदा येणाऱ्याला सव्वापाच इंचीचं एक सोडून एक पाऊल कसं सांगायचं हे शोधायला वेळ लागतो. ट्रॅकच्या पर्यायात step=2 असं द्यायचं, एवढंच आहे ते.

दुसरे पर्याय. क्रायोफ्लक्स जुना आणि नावाजलेला, संग्रहालयं वापरतात, पण बराच महाग. सुपरकार्ड प्रो उत्तम आहे, त्याचा एससीपी फाईल फॉरमॅट तर ग्रीझवीझल पण वापरतं. फ्लक्सइंजिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे जे मुळात सायप्रेस कंपनीच्या बोर्डासाठी लिहिलं गेलं, ते ग्रीझवीझलवर पण चालतं, काही विचित्र फॉरमॅटला तेच कामी येतं. घरगुती माणसासाठी ग्रीझवीझलपेक्षा जास्त खर्च करायचं कारण मला तरी दिसत नाही.

गोटेकचं काय, हा पण प्रश्न येतोच. ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवायचा, पेनड्राइव्हवर शेकडो इमेज, संपला विषय. रोज वापरायचं मशीन असेल, एम्ब्रॉयडरी किंवा सीएनसी असेल तर गोटेकच लावा, मी पण सांगेन. पण मशीन जसं होतं तसं ठेवायचं असेल, मुलांना दाखवायचं असेल की प्रोग्रॅम म्हणजे हातात धरायची वस्तू होती, दार बंद करायची कडी खाली पाडावी लागायची, कुठला ट्रॅक वाचतोय ते आवाजावरून कळायचं, तर गोटेक ते देत नाही. माझ्या पुतणीने फ्रीडॉसची (डॉससारखीच खुली ऑपरेटिंग सिस्टिम) फ्लॉपी स्वतः लिहिली, स्वतः लेबल चिकटवलं, एक्सटीत घातली आणि ए प्रॉम्प्ट आला तेव्हा तिला बूट होणं म्हणजे काय ते एका फटक्यात कळलं, मी कितीही समजावलं असतं तरी कळलं नसतं. फ्रीडॉस कायदेशीर आणि फुकट आहे, सुरुवात त्यानेच करा. एमएस-डॉस ४ चा सोर्स पण मायक्रोसॉफ्टने २०२४ मधे खुला केलाय, ज्यांना स्वतः बिल्ड करून फ्लॉपी बनवायची हौस आहे त्यांच्यासाठी तो मोठा खजिना आहे.

लेबल आणि पाकिटाकडे दुर्लक्ष करू नका. सव्वापाचच्या फ्लॉपीवर लेबल चिकटवल्यावर बॉलपेनने लिहायचं नाही, दाब आतल्या पट्ट्यावर पडतो, आधी लिहून मग चिकटवायचं. पाकीट जाड साध्या कागदाचं घरी कापून होतं, जुनं पाकीट उलगडलं की साचा मिळतो. राइट प्रोटेक्टसाठी बाजूच्या खाचेवर चिकटवायची काळी पट्टी आता मिळत नाही, अपारदर्शक इन्सुलेशन टेप चालते, पारदर्शक चालत नाही कारण बऱ्याच ड्राइव्हमधे ती खाच उजेडाने तपासतात. आणि डबा बंद, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या बदला.

घेणार असाल तर क्रम असा ठेवा, आधी ड्राइव्ह शोधा, मग कोऱ्या फ्लॉपी, बोर्ड शेवटी मागवा, तो कधीही मिळतो. साडेतीन इंचीपासून सुरू करा, हात बसला की सव्वापाच. आणि कोणाच्या घरी, ऑफिसात, शाळेत सव्वापाच इंची डीडी फ्लॉपी पडून असतील, बुरशी आलेल्या असल्या तरी, त्या भंगारात देऊ नका, आत काय आहे ते आधी वाचून घेता येतं आणि चकती गेली असली तरी कव्हर कामाला येतं. ३६०केचा ड्राइव्ह तर अजिबात टाकू नका, तो आता शोधूनही मिळत नाही.